मातीचा नमुना आणि यंत्राचा हात

२५ मे २००८ रोजी 'फिनिक्स' नावाचे अमेरिकन यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडील मैदानावर उतरले. पुढे काही आठवड्यांत त्याच्या यांत्रिक हाताने तेथील जमीन खरवडली आणि घन सेंटिमीटरभर माती एका लहानशा पेल्यात टाकली. पृथ्वीवरून बरोबर नेलेले पाणी तीत मिसळले गेले, आणि पेल्याच्या भिंतींत बसविलेल्या विद्युदग्रांनी त्या मिश्रणाची परीक्षा करून निकाल पृथ्वीवर धाडला. त्या मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचा अंक, सुमारे ७.७ निघाला. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीला हा आकडा परका नाही.

ही हकिगत ऐकून कोणाही नागरिकाच्या मनात साहजिकच एक प्रश्न उभा राहील. कोट्यवधी मैलांवरची माती माणसाचा हात न लागता तपासता येते, मग आमच्या शेतकऱ्याने अर्धा किलो माती पिशवीत बांधून तालुक्याच्या गावी का न्यावी, आणि निकालासाठी आठवडेच्या आठवडे वाट का पहावी? हे सारे काम यंत्राकडे का सोपवू नये?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत. परंतु एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. मंगळावरील त्या पेल्यातील मातीवरून तेथे एकरी किती पोती खत घालावे, असे कोणी विचारले नव्हते. आमचा शेतकरी नेमके तेच विचारतो. चिमूटभर मातीत काय आहे हे सांगणे आज पुष्कळच सोपे झाले आहे. ती चिमूट साऱ्या शेताच्या वतीने बोलते किंवा नाही, हे ठरविणे मात्र अवघडच राहिले आहे. यंत्राची खरी परीक्षा व्हावयाची ती या ठिकाणी.

शहरवासीयांचा संबंध काय?

शेतात किती युरिया पडतो याच्याशी पेठेत राहणाऱ्या माणसाचा काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध दुहेरी आहे. पहिला पैशाचा. रासायनिक खताच्या किमतीचा मोठा वाटा सरकारी तिजोरी उचलते, आणि ती तिजोरी आपण सर्वजण भरतो. दुसरा पाण्याचा. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक सांगते. कारण अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. तेव्हा खत जेथे नको तेथे पडले, तर नुकसान केवळ शेतकऱ्याचे होत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. जमिनीत जस्ताची उणीव असेल, तर नत्राची पोती कितीही ओतली तरी पीक उभारी धरीत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४० साली आपला शेतकीच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने पुढे लोकप्रिय केलेला नियम असा, की जे अन्नद्रव्य सर्वांत तुटपुंजे असेल तेच पिकाची मर्यादा ठरविते. कोणते द्रव्य तुटपुंजे आहे हे कळावे, एवढ्यासाठीच मातीपरीक्षा करावयाची.

मातीत आहे किती, आणि पिकाला मिळते किती?

येथे एक घोटाळा नेहमी होतो. मातीत स्फुरद किती आहे हा एक प्रश्न, आणि त्यांपैकी पिकाच्या मुळांना लाभणारे किती हा दुसरा. पेढीत दहा हजारांची मुदतीची ठेव असावी आणि खिशात मात्र चार आणे असावेत, असा हा प्रकार आहे. बाजारात उपयोगी पडावयाचे ते खिशातले. मातीतील बहुतेक स्फुरद चुना, लोह किंवा ॲल्युमिनियम यांच्याशी जखडलेला असतो, आणि मुळांच्या वाट्याला त्याचा अगदी लहान अंश येतो.

म्हणून शास्त्रज्ञांनी असे द्राव शोधले की जे मुळांची नक्कल करतील आणि मातीतून साधारण तेवढेच द्रव्य काढून घेतील. इंग्लंडात बर्नार्ड डायर याने १८९४ साली शेकडा एक प्रमाणाचे सायट्रिक आम्ल वापरले. अमेरिकेत १९४५ साली ब्रे आणि कुर्ट्झ यांनी आम्लधर्मी द्राव सुचविला. तो आम्लधर्मी जमिनींना चांगला लागू पडतो. परंतु आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घातला, तर तेथील चुनाच त्याचे आम्ल खाऊन टाकतो आणि निकाल फसतो. अशा जमिनींसाठी १९५४ साली ओल्सेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोडियम बायकार्बोनेटचा द्राव पुढे आणला. आपल्याकडील प्रयोगशाळांत स्फुरदासाठी तोच प्रचारात आहे. नत्रासाठी १९५६ साली दिल्लीच्या कृषि अनुसंधान संस्थेतील सुब्बैया आणि असिजा यांनी दिलेली परमँगनेटची पद्धत वापरली जाते.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, यंत्र कितीही वेगवान असले तरी त्याच्या पोटात यांपैकी एखादा द्राव, अथवा त्याचा एखादा पर्याय, असावाच लागतो. तो आपल्या मातीला मानवणारा नसेल, तर चुकीचे उत्तर तेवढे अधिक लवकर मिळेल.

एक भाग अठ्ठ्याऐंशी कोटींत

आता थोडे गणित करू. एक हेक्टर जमिनीचा १५ सेंटिमीटर जाडीचा वरचा थर, म्हणजे नांगरटीचा थर, सर्वसाधारणपणे २२ लाख किलो भरतो. त्यातून प्रयोगशाळेत जाते अर्धा किलो. ओल्सेनच्या पद्धतीत प्रत्यक्ष तराजूवर पडते ती अवघी अडीच ग्रॅम माती. म्हणजे ८८ कोटी भागांतील एक भाग साऱ्या हेक्टराची साक्ष देतो! हा साक्षीदार नीट निवडला नाही, तर न्यायाधीश कितीही विद्वान असला तरी निकाल चुकावयाचाच.

आणि शेत एकजिनसी नसते. उताराच्या वरच्या अंगाला मुरमाड, खाली भारी काळी. एका कोपऱ्यात पूर्वीचा उकिरडा, दुसरीकडे पाटाच्या पाझराने आलेला खारवटपणा. उसाच्या सरीत एक स्थिती, वरंब्यावर दुसरी. ठिबक असेल, तर नळीच्या तोटीखाली खत साचलेले आणि हातभर अंतरावर काहीच नाही.

याला उपाय जुना आणि साधा आहे. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी खड्डे घ्यावयाचे, प्रत्येक खड्ड्याच्या कडेची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची माती कापून घमेल्यात गोळा करावयाची, ती गोणपाटावर कालवून तिचे चार भाग करावयाचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावयाचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत रहावयाचे. पंधरा-वीसच ठिकाणे का, यालाही कारण आहे. जमिनीतील चढउतार स्वैर असतील, तर ठिकाणे चौपट केल्याने चूक निम्मी होते. एका ठिकाणाऐवजी चार घेतली तर चूक निम्म्यावर, सोळा घेतली तर पावपटीवर येते. पुढे ती आणखी निम्मी करावयाची तर चौसष्ट खड्डे हवेत. तेथे माणसाची पाठ आणि दिवसाचा उजेड दोन्ही संपतात.

व्यवहारात सोळाही होत नाहीत. आपली व्याख्याने ज्या दिवसांत होतात, त्याच चैत्र-वैशाखात, खरिपापूर्वी, नमुने घ्यावयाचे असतात. त्या वेळी काळी जमीन वाळून दगडासारखी झालेली असते. कुदळ मारणारा मनुष्य दमतो. सात-आठ सेंटिमीटरांवर थांबतो. बांधालगतच्या मऊ जागेकडे वळतो. वरच्या थरात स्फुरद अधिक असतो, त्यामुळे उथळ नमुना जमिनीला आहे त्याहून श्रीमंत दाखवितो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत माती गोळा केली तर जस्ताचा आकडा फुगतो. यांत कोणाची लबाडी नसते. चाळीस अंशांच्या उन्हात विसाव्या खड्ड्यापाशी माणसाची अचूकता कमी होते, इतकेच.

यंत्र येथे काय करते?

१९२९ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या लिन्स्ले आणि बाउअर या दोघांनी शेतकऱ्यांसाठी एक पत्रक काढले. शेतात ठराविक अंतरावर नमुने घ्या, त्यांवरून आम्लतेचा नकाशा काढा, आणि चुना साऱ्या शेतात सारखा न फेकता जेथे हवा तेथेच टाका, असा त्याचा आशय होता. सल्ला बिनचूक होता. तथापि तो अमलात आणण्याइतके हात आणि तेवढ्या तपासण्या करण्याची सोय कोणापाशी नव्हती, आणि तो बराच काळ कागदावर राहिला.

सत्तर वर्षांनी यंत्राने त्याला हात दिले. १९९९ साली इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठातील अदामचुक, मॉर्गन आणि एस् यांनी चालत्या यंत्रावर मातीचा सामू मोजण्याची योजना प्रसिद्ध केली. पुढे कॅन्सस राज्यातील व्हेरिस या कंपनीने त्या धर्तीचे यंत्र बाजारात आणले. ट्रॅक्टरमागे ओढल्या जाणाऱ्या गाड्यास एक पोकळ फाळ असतो. तो जमिनीत शिरून मातीचा एक पट्टा आत घेतो, वर उचलतो आणि अँटिमनी धातूच्या दोन विद्युदग्रांवर दाबून धरतो. काही सेकंदांत अंक स्थिर झाला की त्याची नोंद होते, आणि त्याच क्षणी उपग्रहांच्या साहाय्याने त्या जागेचे अक्षांश-रेखांशही टिपले जातात. मग पाण्याच्या फवाऱ्याने विद्युदग्रे धुतली जातात, फाळ पुन्हा खाली जातो, आणि गाडा तोवर थांबलेला नसतो.

काचेच्या विद्युदग्राइतका अँटिमनीचा अचूकपणा नाही. पण दगडगोट्यांत काच टिकत नाही, धातू टिकतो. प्रयोगशाळेतील एका मापाशी या यंत्राचे एक माप ताडून पाहिले, तर यंत्र कमी ठरते. परंतु अमेरिकेत हाताने नमुने घेताना साधारणतः अडीच एकरांस एक नमुना, अशी चाल आहे. यंत्र तेवढ्याच क्षेत्रात अनेक मापे घेते. थोडी ओबडधोबड असली तरी जागोजागची मापे जो नकाशा देतात, तो एका सुरेख मापाने कधीही मिळत नाही. समजा, शेताचा अर्धा भाग आम्लधर्मी आहे आणि अर्धा ठीक आहे. सरासरी काढून सर्वत्र अर्धी मात्रा चुना टाकला, तर एका भागाला तो अपुरा पडतो आणि दुसऱ्यात वाया जातो. सामूचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे ध्यानात घेतले म्हणजे ही सरासरी किती फसवी ते कळेल. आमच्याकडे कोकणातील जांभ्या जमिनींना हा विचार सरळ लागू पडतो.

दुसऱ्या प्रकारची यंत्रे मोजमाप करीत नाहीत, केवळ नमुने घेतात. वाहनावर बसविलेले गिरमिट अथवा पोकळ नळी तेलाच्या दाबाने जमिनीत उतरते, ठरलेल्या खोलीपर्यंत जाते आणि मातीचा दंडगोल वर आणते. ठरलेल्या जागा उपग्रहांच्या खुणांनी आधीच आखलेल्या असतात. अमेरिकेत तर चालकाशिवाय त्या जागी जाणारी वाहनेही या कामी आली आहेत. यांचा मोठा गुण शक्ती किंवा वेग हा नव्हे. पहिल्या छिद्राची खोली आणि विसाव्याची खोली सारखीच असते, हा त्यांचा गुण. शिवाय पुढील वर्षी त्याच जागी परत जाऊन जमीन सुधारली की बिघडली हे पाहता येते. ओल्या काळ्या मातीत मात्र गिरमिटाला चिखल चिकटून बसतो, आणि मागच्या छिद्रातील माती पुढच्यात मिसळते. वाफशाचे भान यंत्रालाही सुटलेले नाही.

प्रयोगशाळेतील यंत्र

प्रयोगशाळेच्या आत यांत्रिकीकरण पुष्कळ आधी आले, आणि ते रुग्णालयाच्या वाटेने आले. अमेरिकेतील लेनर्ड स्केग्ज याने रुग्णांचे रक्त तपासण्यासाठी एक युक्ती काढली. एका बारीक नळीतून नमुन्यांचा प्रवाह सतत वाहू द्यावयाचा, आणि एका नमुन्याचा द्राव दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मधूनमधून हवेचे बुडबुडे सोडावयाचे. वाटेत ठराविक रसायन मिसळते, रंग उमटतो, आणि शेवटी प्रकाश त्यातून आरपार जाऊन रंगाची गडदता मोजली जाते. हे यंत्र १९५७ साली बाजारात आले, आणि मातीचे अर्क तपासणाऱ्यांनी ते लवकरच उचलले. त्यानंतर अर्काची धुंद कित्येक हजार अंश तापलेल्या वायूत सोडून जस्त, लोह, तांबे, मँगनीज एकाच वेळी मोजणारी यंत्रेही आली.

याहून निराळी पद्धत प्रकाशाची. अवरक्त प्रकाश मातीवर टाकला की सेंद्रिय पदार्थ, चिकणमाती आणि पाणी यांतील प्रत्येक जण आपापल्या ठराविक लहरी शोषून घेतो. परत आलेल्या प्रकाशावरून त्यांचे प्रमाण अजमावता येते. रसायन लागत नाही. नैरोबीतील शेफर्ड आणि वॉल्श यांनी २००२ साली पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील एक हजारांहून अधिक नमुन्यांच्या आधारे या पद्धतीचा पाया भक्कम केला. आपल्याकडे कानपूरच्या आय.आय.टी.ने २०२१ साली हातात मावणारे असे उपकरण जाहीर केले. त्याला पाच ग्रॅम माती आणि दीड मिनिट पुरते, असे सांगण्यात आले.

ही प्रगती स्वागतार्ह आहे. मात्र एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सेंद्रिय कर्ब आणि चिकणमाती यांची प्रकाशात स्वतःची खूण उमटते. पिकाला उपलब्ध होणाऱ्या स्फुरदाची किंवा पालाशाची तशी थेट खूण उमटत नाही. ते आकडे इतर गुणांवरून अनुमानाने काढावे लागतात. अनुमानाचा आधार म्हणजे पूर्वी रसायनाने तपासलेल्या नमुन्यांचा संग्रह. त्या संग्रहात आपल्या भागातील माती नसेल, तर उपकरण अनोळखी माणसाची कुंडली मांडते आहे, असे समजावे. आणि पाच ग्रॅम माती कोठून उचलली हा प्रश्न येथेही सुटत नाही, उलट अधिक टोचू लागतो.

आकड्यापासून पोत्यापर्यंत

समजा, नमुना चोख आहे, यंत्र चोख आहे, आणि स्फुरद हेक्टरी १२ किलो निघाला. पुढे काय? १२ म्हणजे थोडा की पुष्कळ, आणि ज्वारीला किती खत द्यावे, उसाला किती, हे तो आकडा आपण होऊन सांगत नाही. ते शेतातील प्रयोगांनीच ठरवावे लागते. आपल्या देशात डॉ. राममूर्ती यांच्या प्रेरणेने १९६७-६८ पासून असे प्रयोग सुरू झाले. राहुरीचे कृषि विद्यापीठही त्या योजनेतील एक केंद्र आहे. एकाच शेताचे पट्टे पाडून एकाला खत द्यावयाचे नाही, दुसऱ्याला नेहमीचे आणि तिसऱ्याला दुप्पट द्यावयाचे. एक पीक काढून जमिनीत सुपीकतेची उतरंड तयार करावयाची. आणि मग त्यावर निरनिराळ्या मात्रा देऊन खरे पीक घ्यावयाचे. यांतून जी सूत्रे निघतात, ती इतक्या उत्पन्नासाठी, जमिनीत इतके असताना, इतके खत, असा हिशेब देतात. हे काम ऋतूच्या गतीनेच चालते. कोणतेही यंत्र चार महिन्यांचे पीक दीड मिनिटात काढून देणार नाही.

आमची पत्रिका

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे केंद्र सरकारने जमीन आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे बारा गुण येतात. एवढ्या मोठ्या देशात एवढे काम हाती घेणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या वेळी नमुन्याचे प्रमाण ठरले ते असे: बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीस एक, आणि जिरायतीत दहा हेक्टरांस एक. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे भारतातील शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर होते. म्हणजे जिरायत चौकटीतील आठ-नऊ शेतकऱ्यांच्या हाती एकाच मातीचा निकाल येतो. आपल्या नावाची पत्रिका आणि शेजाऱ्याची माती, असा अनुभव आला की शेतकरी कागद आढ्याला खोचून ठेवतो आणि दुकानदाराला विचारून खत आणतो. त्याला दोष कसा द्यावा? २०१९-२० मध्ये प्रत्येक तालुका-गटातील एक गाव निवडून प्रत्येक खातेदाराच्या शेताचा नमुना घेण्याचा उपक्रम झाला; त्यामागे हीच जाणीव होती.

तेव्हा आमच्या परिस्थितीत यंत्राचा पैसा प्रथम कोठे लावावा, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. प्रयोगशाळेत आणखी एक चकचकीत उपकरण आणण्यापूर्वी नमुना घेण्याच्या कामी यंत्राचे साहाय्य द्यावे. दोन-तीन एकरांच्या तुकड्यांत अमेरिकन मैदानांवरचा गाडा वळणारही नाही आणि परवडणारही नाही. पण गावच्या सोसायटीला किंवा साखर कारखान्याला मोटारीचे हातगिरमिट, खोलीचा ठोका असलेली नळी आणि जागेची नोंद आपोआप करणारा भ्रमणध्वनी परवडतो. त्याबरोबर दर काही नमुन्यांमागे एक नमुना दुसऱ्या नावाने पुन्हा प्रयोगशाळेत धाडण्याची शिस्त ठेवावी. दोन निकाल जुळले नाहीत, तर चूक कोठे आहे हे वेळीच कळेल.

आपल्यापैकी कित्येकांची गावाकडे थोडीफार जमीन आहे, आणि तिची पत्रिका घरात कोठेतरी असेल. ती काढून पहावी, आणि आकड्यांकडे वळण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: माती कोणत्या शेतातून घेतली, किती ठिकाणांहून घेतली, किती खोल घेतली, आणि कोणत्या महिन्यात घेतली? या चारांची उत्तरे मिळाली तर पत्रिकेतील बारा आकड्यांना अर्थ आहे, आणि त्यांवरून खुशाल खताचा हिशेब करावा. न मिळाली, तर पाऊस पडण्यापूर्वी अजून अवधी आहे. घमेले आणि खुरपे घेऊन एक सकाळ शेतात घालवावी. पुढेमागे ते काम यंत्र करील, आणि माणसाहून चांगले करील, अशी आमची खात्री आहे. परंतु त्या यंत्रालाही हेच चार प्रश्न विचारावे लागतील.